लाइफ क्लासमध्ये माणूस चितारताना : आधी भार, मग बाह्यरेषा

लाइफ क्लासला, म्हणजे समोर जिवंत मॉडेल बसवून चित्र काढायच्या वर्गाला, पहिल्यांदा बसलेला माणूस बहुधा केसांपासून सुरुवात करतो. मग कपाळ, डोळे, नाक, हनुवटी असं करत खाली येतो आणि गुडघ्यापाशी पोचेतो कागद संपतो. पावलं एकतर कागदाबाहेर राहतात, नाहीतर उरलेल्या दोन इंचांत कोंबली जातात. आकृती जमिनीवर उभी न राहता हवेत लटकते. चेहरा मात्र बरा जमलेला असतो, त्यामुळे तो कागद बाजूलाही सारवत नाही.

समोरच्या शरीराचा भार कुठून निघतोय आणि जमिनीत कुठे उतरतोय, हे कागदावर सगळ्यात आधी यायला हवं. बाह्यरेषा, छायाप्रकाश, चेहऱ्यातलं साम्य ही सगळी त्यामागून येणारी कामं आहेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्यांना हा क्रम सुरुवातीला उलटा वाटेल, कारण तिथे स्थिरचित्रातला तांब्या आणि वांगी हलत नव्हती. इथला विषय श्वास घेतो, दमतो आणि वीस मिनिटांनी उठून पाणी पितो.

वर्ग निवडताना

आपल्याकडे या अभ्यासाला जुनी परंपरा आहे. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. सुरुवातीच्या काळात विद्यार्थी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून म्हणजे ‘अँटिक’वरून हात बसवत. १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन तिथे प्रमुख म्हणून आले आणि त्यांच्या काळात जिवंत मॉडेलवरून अभ्यासाचे वर्ग सुरू झाले. आज कला महाविद्यालयांत हा अभ्यासक्रमाचा भाग आहेच. त्याशिवाय मोठ्या शहरांत चित्रकारांचे गट शनिवार-रविवारी मॉडेल बोलावून एकत्र बसतात. कपड्यांतलं मॉडेल, पंचा किंवा लंगोट नेसलेलं मॉडेल आणि न्यूड असे तीन प्रकार असतात. बाहेरच्या गटांत बहुतेक वेळा पहिलाच असतो. शिकायला तोही पुरेसा आहे. साडीतल्या बाईचा भार कुठल्या पायावर आहे हे ओळखता आलं नाही, तर न्यूडमध्येही ते ओळखता येणार नाही.

नाव नोंदवण्याआधी चार गोष्टी विचारा. पोझ किती वेळाच्या असतात? सगळा वेळ एकच लांब पोझ असेल तर नवशिक्याला तो वर्ग जड जातो. कुणी करेक्शन देतं का, की फक्त एकत्र बसून काढायचं असतं? खोलीत किती जण असतात? पंधराच्या वर गेले की मागच्या माणसाला मॉडेलपेक्षा पुढच्यांच्या पाठीच जास्त दिसतात. आणि मॉडेलला कपडे बदलायला वेगळी जागा आहे का? हा शेवटचा प्रश्न आपल्या सोयीचा नसला तरी त्याच्या उत्तरावरून वर्ग कसा चालतो ते कळतं.

सामान

थोडं घ्या, पण मोठं घ्या. ए-फोर आकाराच्या वहीत फक्त मनगट चालतं, आणि शरीराची लांब रेषा मनगटातून निघत नाही, ती खांद्यातून यावी लागते. हाफ इम्पीरियल, म्हणजे साधारण १५ बाय २२ इंचांचा कागद योग्य. छोट्या पोझसाठी स्वस्त न्यूजप्रिंट किंवा छापखान्यातले उरलेले कोरे कागद गठ्ठ्याने आणा. कागद महाग असला की हात घाबरतो. लांब पोझसाठी कार्ट्रिज, म्हणजे ड्रॉइंगचा जाड कागद. खाकी किंवा तपकिरी रंगाचे दोन-तीन कागदही ठेवा, त्यांचं काम पुढे येईल.

चारकोलच्या म्हणजे कोळशाच्या काड्या, एक चारकोल पेन्सिल, ४बी आणि ६बी पेन्सिली, मळून आकार देता येणारं पुट्टी रबर, एक जुनं मलमलचं फडकं, पांढऱ्या खडूची पेन्सिल, बोर्ड आणि चार चिमटे. बस्स. ब्लेड किंवा कटर लागेलच, कारण पेन्सिलीचं शिसं इंचभर बाहेर काढून ठेवायचं असतं. शार्पनरने ते जमत नाही. कागदाखाली चार-पाच कोऱ्या कागदांची गादी द्या, नाहीतर बोर्डाचे ओरखडे शेडिंगमध्ये उमटतात. कोळसा सहज पुसला जातो हाच त्याचा गुण. पहिली वीस मिनिटं तरी पेन्सिलीला हात लावू नका.

पावसाळ्यात कोकणपट्टीत कागद हवेतलं पाणी ओढून मऊ पडतो आणि कोळसा धरत नाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून न्यावेत.

खोलीत कुठे बसायचं

मॉडेलची संपूर्ण आकृती मान न हलवता एका नजरेत दिसली पाहिजे. त्यासाठी तिच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट अंतर लागतं, म्हणजे दहा ते पंधरा फूट. त्याहून जवळ बसलात तर पावलं बघायला मान खाली आणि चेहरा बघायला वर करावी लागेल. अशा दोन नजरांतून काढलेली आकृती मधेच कुठेतरी मोडते. खोली लहान असेल तर पूर्ण आकृतीचा हट्ट सोडा आणि कमरेपर्यंत काढा.

बोर्ड मांडीवर आडवा ठेवला की कागदाचा वरचा भाग डोळ्यांपासून लांब जातो आणि नकळत डोकं मोठं, धड लांब होतं. बोर्ड जवळजवळ उभा हवा. ईझल असेल तर उभ्याने काढा. डाँकीवर, म्हणजे बोर्ड टेकवायची सोय असलेल्या बाकावर, बसणार असाल तर बोर्ड पुढच्या खाचेत टेकवा. तो अशा ठिकाणी असावा की मान न वळवता फक्त नजर सरकवून मॉडेल आणि कागद दोन्ही दिसतील. उजव्या हाताने काढणाऱ्याने बोर्डाच्या डाव्या कडेवरून मॉडेल पाहावं, म्हणजे स्वतःचाच हात आड येत नाही.

आणि दर वेळी त्याच कोपऱ्यात बसू नका. काही जण पहिल्या दिवसापासून समोरची जागा पकडतात, कारण तिथून चेहरा दिसतो. पाठ काढून बघा. पाठीचा कणा, खांद्याची दोन पाती आणि कमरेवरच्या दोन खळ्या इतकं सरळ सांगतात की भार समजायला पाठीसारखी दुसरी बाजू नाही.

मॉडेलशी वागणूक

मोबाइल बंद करून पिशवीत. ‘सायलेंट’वर टेबलावर ठेवलेला मोबाइलही चालत नाही, कारण कॅमेरा आपल्याकडे वळलेला आहे की नाही हे मॉडेलला तिथून कळत नाही. मॉडेलचा फोटो कुणीही, कोणत्याही कारणाने काढायचा नाही. आपल्याकडे हे काम करणाऱ्या कित्येक जणी घरी-शेजारी न सांगता ते करतात. एक फोटो बाहेर गेला तर त्यांची रोजीरोटी जाते, आणि कधी कधी घरही.

मॉडेलला नावाने, आणि वयाने मोठी असेल तर ताई-मावशी किंवा काका म्हणून हाक मारा. शरीरावर टिप्पणी नको, कौतुकाचीसुद्धा नको. पोझ बदलायची असेल तर वर्ग घेणाऱ्याला सांगावं. त्यानेही हात न लावता तोंडी किंवा स्वतः करून दाखवावं. न्यूडच्या वर्गात पोझ सुरू झाल्यावर दार उघडायचं नाही. उशीर झाला असेल तर ब्रेकपर्यंत बाहेर थांबा. मधल्या सुट्टीत मॉडेल अंगावर काही घेऊन बसलेली असते, तेव्हा तिच्याकडे निरखून पाहण्याचं काही कारण उरत नाही.

वीस ते पंचवीस मिनिटांनी पाच मिनिटं विश्रांती हा साधारण रिवाज आहे. उभ्या पोझला तर ती हवीच. विश्रांतीआधी पावलांभोवती खडूने आणि टेकलेल्या हाताखाली चिकटपट्टीने खुणा करून ठेवतात, म्हणजे परत येताना पोझ सापडते. पंख्याचा वारा, फरशीचा गारठा, डोळ्यांवर येणारा दिवा यांची चौकशी आधीच करावी. अवघडलेलं मॉडेल सरकत राहतं आणि सगळ्यांचं ड्रॉइंग बिघडतं.

पहिली पायरी : अर्ध्या आणि एका मिनिटाच्या पोझ

तीन तासांच्या वर्गात पहिला अर्धा तास या पोझना द्यावा. नवशिक्यांना त्या नकोशा वाटतात, कारण हातात दाखवण्यासारखं काही राहत नाही. मला विचाराल तर सगळ्या वर्गात तोच अर्धा तास सर्वांत महत्त्वाचा. लांब पोझमधलं कौशल्य घोटून घोटून येतं, पण पोझ ‘पकडण्याची’ सवय इथेच लागते.

कोळशाची काडी तर्जनी आणि अंगठ्यात आडवी धरा, पेनासारखी नको. पोझ लागली की पहिले पाच सेकंद काहीच काढू नका, नुसतं बघा. स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे माणूस पडत का नाहीये? उत्तर म्हणून एक लांब रेषा सापडते. मानेच्या मुळाशी सुरू होऊन धडातून वळत ती भार पेलणाऱ्या पायाच्या टाचेपर्यंत जाते. ती आधी ओढा. मग डोक्याचा लंबगोल, बरगड्यांचा मोठा लंबगोल, कमरेच्या हाडांची चौकट आणि हातापायांच्या एकेक रेषा. तीस सेकंद संपले. उलटा कागद, पुढची पोझ.

बाह्यरेषेने सुरुवात केली तर डाव्या खांद्याची कड संपेपर्यंत वेळ जातो. शिवाय कड ही पोझचा परिणाम असते. आत कणा वाकलाय म्हणून बाहेर ती वळण घेते. आतलं न कळता बाहेरचं उतरवलेलं चित्र बरोबर वाटू शकतं, पण उभं राहत नाही.

या पोझमध्ये खोडायचं नाही. चुकलेल्या रेषेशेजारी दुसरी ओढा. दोन रेषा असल्या तर हरकत नाही, नजर बरोबर ती निवडते.

दुसरी पायरी : पाच-दहा मिनिटं आणि दोन तिरक्या रेषा

पंढरपूरचा विठोबा आठवा. दोन्ही पावलं जुळलेली, हात कटीवर, भार दोन्ही पायांवर सारखा. मूर्तिशास्त्रात याला समभंग म्हणतात. खांद्यांची रेषा आडवी, कमरेची रेषा आडवी, मधला कणा सरळ. आता अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. डोकं एका बाजूला, धड दुसऱ्या, कंबर पुन्हा पहिल्या बाजूला: त्रिभंग. वर्गातलं मॉडेल या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतं, आणि ते नेमकं कुठे आहे हे दोन रेषांत कळतं.

उभ्या माणसाने उजव्या पायावर भार टाकला की कमरेची उजवी बाजू वर जाते. तोल राखायला उजवा खांदा खाली येतो. म्हणजे उजवीकडे बरगड्या आणि कंबर जवळ येतात, तिथे कातडीला घडी पडते. डावीकडची बाजू ताणली जाते. डावा गुडघा सैल, पुढे आलेला. हे सगळं एकमेकांत अडकलेलं आहे, एक ओळखलं की बाकीचं शोधायला सोपं जातं. म्हणून पाच मिनिटांच्या पोझमध्ये लंबगोलांच्या आधी खांद्यांची आणि कमरेची अशा दोन तिरक्या रेषा टाका. कोन अंदाजाने दिसतो त्याहून नेहमी थोडा जास्त असतो, कारण मेंदू सगळं आडवं-उभं करून ठेवायला बघतो. थोडी अतिशयोक्ती करा, चालेल.

मग ओळंबा लावा. गवंड्याचा असतो तोच. दोऱ्याला किल्ली बांधली तरी काम होतं, नाहीतर पेन्सिल दोन बोटांत सैल धरून लोंबती ठेवा. गळ्याच्या खालची खाच, म्हणजे दोन गळ्याच्या हाडांमधली खळगी, ओळंब्यावर धरा आणि खाली बघा. एका पायावर उभ्या असलेल्या मॉडेलमध्ये ही उभी रेषा बहुधा भार पेलणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ उतरते. तुमच्या कागदावर ती दोन इंच बाजूला उतरत असेल तर आकृती कलली आहे. खांदा कितीही सुंदर आला असला तरी तो हलवावा लागेल.

भिंतीला किंवा काठीला टेकलेल्या पोझमध्ये हा नियम लागत नाही, तिथे भाराचा काही भाग टेकूतून जातो. बसलेल्या पोझमध्येही तोच प्रश्न विचारायचा. गादी कुठे दबलीय? तळहात मागे टेकवून बसलेल्या माणसाचा त्या बाजूचा खांदा कानाकडे ढकलला जातो. तो नेहमीच्या जागी काढला तर हात भार घेत नाही, नुसता चिकटवलेला दिसतो.

तिसरी पायरी : लांब पोझ

दीड-दोन तासांची पोझ मिळाली की सगळे एकदम शेडिंगकडे धावतात. पहिली पंचवीस मिनिटं मोजमापाला द्या.

आधी कागदावर वर डोक्याची आणि खाली तळव्यांची अशा दोन खुणा करा. आकृतीने यांच्या बाहेर जायचं नाही. पाय कागदाबाहेर जाण्याचा प्रश्न इथेच संपतो. मग पेन्सिल घेऊन हात कोपरातून पूर्ण ताठ करा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत मॉडेलच्या डोक्याची लांबी मोजा. कोपर जरा जरी वाकलं तरी माप बदलतं, दर वेळी ताठच हवं. हे माप खाली उतरवत किती डोकी बसतात ते मोजा. प्रौढ माणूस उभा असेल तर साधारण साडेसात. चित्रकलेच्या पुस्तकांत आठ डोक्यांचा आदर्श देतात, पण वर्गात येणारी खरी माणसं सात-साडेसातांत असतात. खुर्चीवर बसलेलं माणूस सहाच्या आसपास, मांडी घालून बसलेलं चारच्या आसपास. हे आकडे पडताळ्यासाठी आहेत. समोर सहा आलेत आणि तुम्हाला साडेसात माहीत आहेत म्हणून साडेसात काढायचे नसतात.

उभ्या शरीराचा मध्य बेंबीवर आहे असं बहुतेकांना वाटतं. तो त्याच्या बराच खाली, जांघांच्या सांध्यापाशी येतो. सुरुवातीच्या ड्रॉइंगमध्ये पाय आखूड होण्याचं हे मोठं कारण. आणखी काही खुणा: हात सैल सोडला तर कोपर कमरेच्या बारीक भागाजवळ, मनगट जांघेच्या सांध्याच्या पातळीत, बोटांची टोकं मांडीच्या मध्यावर.

उंचीच्या मापांनी आकृती ताठ होते, म्हणून लगेच मधल्या मोकळ्या जागा बघा. कमरेवर हात ठेवला असेल तर हात आणि धड यांच्यामधे एक त्रिकोण दिसतो. पायांमधे एक लांबट फट असते. हात ‘हात’ म्हणून काढताना मन ठरलेला हात काढतं. त्या त्रिकोणाला नाव नसल्यामुळे तो दिसतो तसाच काढला जातो. त्रिकोण बरोबर आला की हात आपोआप जागेवर बसतो.

आता जिथे हाड कातडीच्या अगदी खाली आहे त्या जागा टिंबांनी नोंदवा: गळ्याची खाच, खांद्याची टोकं, बरगड्यांची खालची कमान, कमरेची पुढची दोन हाडं, गुडघ्याच्या वाट्या, घोटे. पाठीमागून मानेच्या तळाशी उठून दिसणारा मणका आणि खांद्यांची पाती. माणूस जाड असो की बारीक, ही हाडं आपली जागा सोडत नाहीत. टिंबं जोडत सरळ, कोनाकोनांच्या रेषांनी आकृती बांधा. गोलाई नंतर. सुरुवातीलाच गुळगुळीत वळणं दिली की हाड कुठे आणि मांस कुठे हे कळेनासं होतं.

एक गोष्ट नक्की होणार: दहा मिनिटांनी पोझ बसते. डोकं थोडं झुकतं, खांदे उतरतात, भार पेलणारा गुडघा सैलावतो. डोक्याचा कोन आणि खांद्यांची रेषा सुरुवातीच्या पाच मिनिटांतच पक्की करून ठेवा आणि नंतर ती बदलू नका. मॉडेलबरोबर ड्रॉइंगही बदलत बसलात तर कागदावर तीन वेगवेगळ्या क्षणांचं एकच शरीर जमा होतं.

छायाप्रकाश

दिवा एकच हवा, बाजूने आणि थोडा वरून. खोलीतल्या सगळ्या ट्यूबलाइट चालू असतील तर सावल्या एकमेकींना खातात. विनंती करून निम्म्या बंद करून घ्या. दिवसा उत्तरेकडच्या खिडकीचा उजेड सर्वांत बरा, दोन तासांत तो फारसा सरकत नाही.

डोळे किलकिले करा. बारकावे नाहीसे होतात आणि शरीर दोन भागांत वाटलं जातं: उजेडातलं आणि सावलीतलं. या दोहोंमधली सीमा आधी हलक्या रेषेने आखा, मग सावलीचा सगळा भाग एकाच सपाट टोनने, म्हणजे छटेने, भरा. आत काही नाही, नुसतं भरा. एवढ्यावर आकृतीला घनता येते. न आली तर चूक सीमारेषेत आहे आणि आणखी काळं करून ती सुटणार नाही. सावलीत परतून येणारा उजेड दिसतो, तो मोहक असतो आणि नवशिका तो हमखास जास्त उजळ करतो. सावलीतला सर्वांत उजळ भागही उजेडातल्या सर्वांत गडद भागापेक्षा गडदच ठेवायचा.

बाहेरच्या पुस्तकांतली उदाहरणं बहुधा गोऱ्या कातडीची असतात, त्यामुळे पांढऱ्या कागदावर नाजूक करडं शेडिंग करायची सवय आपण उचलतो. समोर सावळं मॉडेल असलं की ही सवय तोंडावर पडते. सावळ्या कातडीवर मधले टोन गडद असतात, पण कपाळ, गळ्याचं हाड, खांद्याची कड, नडगी इथे उजेड लख्ख चमकतो, घाम असेल तर जास्तच. यासाठी तो खाकी कागद. कागदाचा रंग हाच मधला टोन धरायचा, सावलीला कोळसा आणि फक्त चार-पाच ठिकाणी पांढरा खडू. खडू आणि कोळसा एकमेकांत मिसळू देऊ नका, तिथे राखाडी चिखल होतो.

बोटाने घासून टोन गुळगुळीत करण्याचं वेड लवकर लागतं आणि उशिरा सुटतं. गुळगुळीतपणात स्नायूचं वळण हरवतं. फडक्याने एकदा मोठा भाग पुसा, नंतर रेषांनी काम करा. रेषा स्नायूच्या गोलाईला आडव्या जाऊ द्या.

डोकं, पंजे, पावलं

डोळे डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात. केसांचा भाग धरून, हे विसरलं जातं, म्हणून कपाळ छाटलं जातं. पूर्ण आकृतीत चेहऱ्याला डोळ्यांच्या खोबणीची सावली, नाकाखालची सावली आणि ओठाखालची सावली इतकंच पुरतं. डोकं कुठल्या बाजूला झुकलंय हे पापण्यांपेक्षा जास्त बोलतं.

पंजे टाळण्याच्या युक्त्या सगळ्यांना माहीत असतात: पाठीमागे लपलेला हात, पदरात गेलेला हात, नुसताच धूसर ठेवलेला हात. त्यापेक्षा पंजा आधी बोटांशिवाय काढा, चारही बोटांची मिळून एक फळी आणि अंगठ्याची वेगळी पाचर. सांध्यांच्या कमानी टाका, मग बोटं वेगळी करा. पंजा हनुवटीपासून कपाळाच्या मध्यापर्यंत पोचतो, म्हणजे आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो. पाऊलही कोपरापासून मनगटाइतकं लांब असतं. आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी पावलं सुधारतात. आणि पावलाखाली जमिनीवरची सावली टाका. तिच्याशिवाय भार कुठेच उतरत नाही.

मॉडेल तुमच्याकडे पाय करून आडवं झालं तर घाबरून जागा बदलू नका. अशा आखूड दिसणाऱ्या अवयवांत लांबीचं ज्ञान सगळ्यात जास्त फसवतं. मांडीची दिसणारी उंची तिच्या रुंदीशी ताडून बघा, कित्येकदा रुंदीच जास्त भरते. कुठला आकार कुणाच्या पुढे येतोय, कुठली रेषा दुसरीमागे जाऊन थांबते, ते स्पष्ट ठेवा. पोटरी गुडघ्याच्या पुढे, मांडी त्याच्या मागे, पोट तिच्याही मागे.

साडी, धोतर, सदरा

कपडा शरीराला फक्त काही बिंदूंवर धरतो आणि बाकी ठिकाणी लोंबतो. दोरीवर दोन चिमट्यांना अडकवलेली साडी कशी चिमट्यांपासून निघालेल्या घड्यांनी खाली झोळते, तसंच. उभ्या बाईच्या पाचवारीत हे बिंदू म्हणजे डावा खांदा, कंबर आणि पुढे आलेला गुडघा. घड्या मोजत बसू नका. आधी साडीखालची कंबर आणि गुडघे फिक्या रेषेत काढा, मग बिंदूंपासून निघणाऱ्या मुख्य चार-पाच घड्या. निऱ्या सरळ पडतात आणि ओळंब्याचं काम फुकटात करतात. नऊवारीत काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे कळतात, त्यामुळे भार दाखवायला ती फार सोयीची. चित्रकार धुरंधरांच्या चित्रांतल्या नऊवारीतल्या बायका या नजरेने पुन्हा बघा, लुगड्याआडचा पाय कुठे टेकलाय हे कळतंच.

सैल सदरा हा सगळ्यात फसवा. त्यात खांदा कुठे आहे ते शिवणीवरून ठरवू नका, शिवण खांद्याच्या टोकाच्या बरीच खाली उतरलेली असते.

मधल्या सुट्टीत आणि नंतर

सुट्टीत चहाला पळण्याआधी ड्रॉइंगपासून दहा पावलं मागे जा. आरशात किंवा उलटं करूनही बघा, कललेला चेहरा आणि सरकलेला खांदा तेव्हा लगेच दिसतो. इतरांचे बोर्ड बघायला हरकत नाही, न विचारता मत द्यायला आहे. मास्तरांनी करेक्शन देताना थेट तुमच्या ड्रॉइंगवर हात चालवू नये असं वाटत असेल तर तसं आधी सांगा. समासात काढून दाखवलेलं जास्त उपयोगी पडतं, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात.

घरी नेऊन ड्रॉइंग ‘पूर्ण’ करू नका, समोर माणूस नसताना हात ठरावीक आकारांकडे घसरतो. कोपऱ्यात तारीख आणि पोझचा वेळ लिहा. लांब ड्रॉइंगला फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा, मारायचं तर खिडकीबाहेर किंवा गच्चीत, फूटभर अंतरावरून, दोन हलके हात. मग मधे बटर पेपर घालून सपाट ठेवा, गुंडाळलेला कोळसा स्वतःवरच घासला जातो.

त्याच रात्री दोन गोष्टी केल्या तर पुढचा वर्ग सोपा जातो. एक, दिवसभरातली एक पोझ न बघता आठवून काढा, स्मरणचित्राची जुनी सवय इथे उपयोगी पडते. दोन, लांब ड्रॉइंगवर बटर पेपर ठेवून आत सांगाडा बसवून बघा. बरगड्यांचा पिंजरा, कमरेचं हाड, मांडीचं लांब हाड. जिथे हाड बाह्यरेषेच्या बाहेर येतं किंवा दोन मांड्यांची हाडं वेगवेगळ्या लांबीची निघतात, तिथे चूक बोट दाखवून सांगते.

वर्ग आठवड्यातून एकदाच असेल तर मधले दिवस एसटी स्टँडवर, लोकलच्या फलाटावर, देवळाच्या पायरीवर काढा. बाकावर डुलकी लागलेला माणूस लांब पोझ देतो, रांगेत उभी असलेली माणसं दर मिनिटाला भार या पायावरून त्या पायावर टाकतात, आणि डोक्यावर ओझं घेतलेल्या माणसाच्या अंगात ओळंबा आधीच लागलेला असतो. छोटी वही, एक पेन, खोडरबर नको. कुणाच्या लक्षात आलं आणि आवडलं नाही असं दिसलं तर वही मिटा. कुतूहल दिसलं तर दाखवा. बहुतेक जण हसतात आणि आपलं नाक एवढं मोठं नाही असं सांगतात.